एका 'वा'साठी सहा बाटल्या

३ मार्च
बावीस तारखेला बायको पन्नाशीची होते. काय हवं म्हणून विचारलं, तर म्हणाली काही नको, चार माणसं येतील, जेवतील, जातील. बायका असं म्हणतात तेव्हा त्यांना बरंच काही हवं असतं. हे मला लग्नानंतर लगेच कळलं. काय हवं असतं ते अजून कळायचं आहे.

मागच्या महिन्यात साडूकडे गेलो होतो. त्याने गच्चीवर मासे भाजले. बायकोने पहिला घास घेतला आणि सगळ्यांसमोर "वा, भाऊजी" म्हणाली. मी आतल्या खोलीत होतो, तिथपर्यंत ऐकू आलं. मला आजवर "बरं झालंय" मिळालंय. एकदा "चालेल".

ठरलं. यंदा बावीस तारखेला, सगळ्यांदेखत, साडूदेखत, मला 'वा' हवा. एकच पुरे.

४ मार्च
मासे साडूने घेतले, आपण पेयं घ्यायची. क्लासिक कॉकटेल्स, बेरीच्या चवीची, वर स्पार्कलिंग वाइन. व्हिडिओ पाहिला. अगदी सोपं आहे. मेनू असा: बेलिनी (मूळ पीचच्या गराची, मी स्ट्रॉबेरी वापरणार), किर रोयाल (ब्लॅककरंटची) आणि रासबेरी घालून फ्रेंच ७५ (जिन, लिंबू, साखरेचा पाक).

येताना स्टीलचा शेकर घेऊन आलो. बायकोने विचारलं की हा नवा थर्मास का. हो म्हटलं. सरप्राइज आहे.

७ मार्च, सायं. ६
फ्रेंच ७५ची चाचणी. व्हिडिओतला माणूस आधी जिन, लिंबू आणि रासबेरी शेकरमध्ये हलवतो, मग ते ग्लासात गाळतो, मग वरून वाइन ओततो. एका कामाला तीन फेऱ्या. मी खोक्यांच्या कारखान्यात प्लॅनिंग बघतो. माझ्या हाताखालून आजवर एकही ट्रक उशिरा सुटलेला नाही (दोन सुटले, पण तेव्हा मी रजेवर होतो). सगळं एकदमच शेकरमध्ये घातलं, वाइनसुद्धा, आणि दणादण हलवलं.

झाकण छताला लागलं. त्यामागोमाग फ्रेंच ७५.

बायको आली. वर बघितलं. मग लांबचा चष्मा घेऊन आली आणि पुन्हा बघितलं. सरप्राइज आता राहिलेलं नाही. मुलगी म्हणते की फसफसणारी गोष्ट बंद भांड्यात हलवायची नसते हे लहान पोरालाही कळतं. आजकालच्या मुलांना सगळं आधीच माहीत असतं, मग ती वेळेवर सांगत का नाहीत?

निष्कर्ष: शेकर हलक्या दर्जाचा.

९ मार्च
शेकर परत करायला गेलो. दुकानदाराने विचारलं की आत काय घातलं होतं. नेहमीचंच, असं सांगितलं. त्याने झाकण हातात घेतलं, त्याला आलेला पोचा पाहिला आणि परत माझ्या हातात दिलं. या दुकानात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. घरी येऊन जोर लावून डाग पुसायचा प्रयत्न केला, म्हणजे छताचा. डाग आता मोठा आणि फिकट झाला आहे. खालून बघितलं तर शोभतो.

फ्रेंच ७५ रद्द केलेलं नाही, पुढे ढकललं आहे.

१२ मार्च
बेरींमध्ये बिया असतात हे व्हिडिओत कुणी बोलत नाही. चहाच्या गाळणीने गाळलं, गाळणी तुंबली. मग कपाटातला एक पांढरा सुती रुमाल घेतला. उत्तम गाळलं जातं. रुमाल बायकोला तिच्या बहिणीने दिलेला होता, कडेला हाताने भरतकाम केलेलं. आता तो संपूर्ण जांभळा आहे आणि भरतकाम उठून दिसतं. बायको म्हणाली की वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. म्हणजे वापरात नव्हताच.

सकाळचा चहा गुलाबी आला.

१५ मार्च
चव चाचणी. मुलगी म्हणाली, खोकल्याच्या औषधासारखं लागतंय. तिची जीभ अजून तयार झालेली नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त डेंटिस्टना अर्धा ग्लास नेऊन दिला. त्यांनी तो तोंडात घोळवला, डोळे मिटले, आणि रंग छान आहे असं सांगितलं. मग उठून चूळ भरून आले. जुनी सवय असणार.

तज्ज्ञांकडून पसंती मिळाली.

१८ मार्च
बायकोने आज जेवताना विषय काढला. म्हणाली की पेयं कर नाहीतर करू नकोस, पण त्या दिवशी स्वयंपाकघरात उभा राहू नकोस, निदान माझ्याशेजारी बस. हे ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ताटाकडे बघत. मला बरं वाटलं. खरं तर फारच बरं वाटलं, पण वरण हवंय का असं विचारून मी ते लपवलं.

आता काहीही झालं तरी तिच्याशेजारी बसायचं. म्हणजे पाहुणे आल्यावर बाटल्या उघडत बसता येणार नाही. विचार करायला हवा.

१९ मार्च
विचार झाला. कारखान्यात आपण काय करतो? सकाळी सुटायचा ट्रक आदल्या दिवशीच भरून ठेवतो. तेच इथे करायचं. बाटल्या आदल्या दिवशी उघडायच्या, बेरीच्या रसात मिसळायच्या, मोठ्या बरण्यांत भरून फ्रीजमध्ये ठेवायच्या. त्या दिवशी फक्त ओतायचं आणि बायकोशेजारी जाऊन बसायचं.

व्हिडिओवाल्यांना हे कसं सुचलं नाही कोण जाणे. त्यांनी कारखान्यात काम केलेलं नसणार.

२१ मार्च, दुपारी
रजा घेतली. सहा बाटल्या उघडल्या. सहावीच्या आवाजाला खालचे डेंटिस्ट वर आले, सगळं ठीक आहे ना विचारायला. दोन बरण्या भरल्या, एक स्ट्रॉबेरीची, एक ब्लॅककरंटची. भरपूर फेस आला. मुलीने विचारलं की बुडबुडे उद्यापर्यंत राहतील का. मी तिला झाकण दाखवलं. घट्ट आहे. जाणार कुठे?

२२ मार्च, सकाळ
बरण्या पाहिल्या. वाइन शांत झाली आहे. काल उगाच उसळत होती. आराम मिळाला की सगळ्यांचंच भलं होतं.

माझा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवलाय, बायकोने. वाढदिवस तिचा, इस्त्री माझ्या शर्टाला. आज 'वा' येणार.

२३ मार्च
लिहायची फारशी इच्छा नाही. तरी नोंद हवी.

सगळं वेळेवर झालं. पाहुणे आले, मी उंच ग्लासांत ओतलं, ट्रे फिरवला आणि ठरल्याप्रमाणे बायकोशेजारी बसलो. एकही बुडबुडा नव्हता. गर खाली बसला होता, वर गुलाबी पाणी. साडूने ग्लास उजेडात धरून बराच वेळ बघितला. मेहुणीने विचारलं की हे गरम करून घ्यायचं का, आणि चमचा मागितला. बायकोने मात्र पूर्ण ग्लास संपवला. "बरं झालंय" म्हणाली. मग साडूने वर बघून विचारलं की छत गळतंय का.

त्याने भेट म्हणून एक बाटली आणली होती. ती त्याने सगळ्यांसमोर उघडली, नवे ग्लास घेतले, प्रत्येकात एक अख्खी स्ट्रॉबेरी टाकली आणि वरून ओतलं. एवढंच. स्ट्रॉबेऱ्या माझ्याच होत्या. बुडबुडे थेट नाकापर्यंत.

बायको म्हणाली, "वा, भाऊजी."

मी अगदी शेजारीच बसलो होतो. सर्वांत स्पष्ट मला ऐकू आलं.

२४ मार्च, सकाळ
उठलो तर घरभर गोड वास. बायकोने दोन्ही बरण्या मोठ्या पातेल्यात ओतून, साखर घालून आटवायला ठेवल्या होत्या. छान घट्ट जॅम झाला. तिने टोस्टला लावला, एक घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "वा."

स्वयंपाकघरात आम्ही दोघंच. साक्षीदार नाही, पण 'वा' तो 'वा'. तिने उरलेला अर्धा टोस्ट माझ्या हातात दिला आणि माझ्या शर्टाच्या बाहीवर सांडलेलं पुसलं, त्याच जांभळ्या रुमालाने.

दहा वाजता साडूला सहज फोन केला. खुशाली विचारली, मग जॅमचं सांगितलं, मग 'वा'चं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की शेवटी लिंबू पिळलं का तिने. परवा निघताना त्यानेच तिला सांगितलं होतं म्हणे, टाकू नकोस, जॅम कर.

जॅम चांगला आहे. तीन टोस्ट खाल्ले.

जूनमध्ये साडूचा वाढदिवस आहे. त्याला म्हटलं, यंदा तू निवांत बस, मासे मी भाजतो. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून आदल्या दिवशीच भाजून ठेवणार आहे.