मागच्या सीटवरून

प्रिय मित्रा, आणि पंचवीस वर्षांपासून नाइलाजाने प्रिय दाजी,

फोन असताना या माणसाने कागद का खराब केला, असं तू बायकोला विचारशील. ती आधी माझी धाकटी बहीण आहे, तेव्हा तिला खरं ते सांग: तू फोनवर माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदाला मधे तोडता येत नाही. फक्त तिला दाखवण्याआधी तू स्वतः शेवटपर्यंत वाच. मग दाखवायचं की नाही ते ठरव. आपल्या दोघांतलं ठरवण्याचं काम पहिल्यापासून तुझ्याकडेच आहे.

बातमी अशी, की एक्कावन्नाव्या वर्षी मी पुन्हा मोटारसायकलवर बसलोय. हसून घे, मी थांबतो. गाडी जुनी, टाकीला पोचा, सायलेन्सरवर पाय भाजू नये म्हणून असते ती जाळी मागच्या मालकाने का कुणास ठाऊक काढून टाकलेली. आपल्या वेळी गिअर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या, आठवतं? आता सगळं उलटं झालंय, पण माझ्या पायांना कुणी कळवलंच नव्हतं. पहिल्या दिवशी भर चौकात गिअर बदलायला गेलो आणि करकचून ब्रेक लावला. मागचा टेम्पोवाला उतरून आला. मला वाटलं आता शिव्या देणार. तर म्हणाला, काका, घरी सोडू का? शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हेल्मेटचं तर विचारूच नकोस. चष्मा काढायचा, डोकं आत घालायचं, मग चष्मा बाजूने आत सरकवायचा, तेवढ्यात श्वासाने काच धुरकट. तरी तिसऱ्या आठवड्यात एका उतारावर हाताने आपणहून वेग कमी केला, कंबर आपणहून झुकली, आणि मी गाडीवर एकटाच मोठ्याने हसलो. आपण पडलो होतो ते वळणही बघून आलो. वीटभट्टी गेली, आता तिथे गाद्यांचं दुकान आहे. पंचवीस वर्षं उशीर झाला.

हे खूळ माझ्या डोक्यात तुझ्या लेकीने भरवलं. जनावरांची डॉक्टर झाली पोरगी, गोठे आडरानात, जिथे बस जात नाही आणि तुझी मोटार वळत नाही. पण तू तिला मोटारसायकल घेऊ देईनास. का, तर मामाचं काय झालं ते बघ. मग ती मामाकडेच आली. म्हणाली, कशी चालवायची नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार, तेव्हा तूच शिकव. दुसऱ्याच दिवशी मी ही जुनी गाडी घेऊन आलो. तुला सांगितलं नाही तिने. गोष्टी पोटात ठेवण्याची तुमच्या घरची रीत तिने बरोबर उचलली आहे.

मामाचं काय झालं, हे तिने तुझ्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल? बारशी, मुंजी, निवृत्तीची जेवणं, एकही पंगत तू सोडली नाहीस. पहिल्या वर्षी रस्त्यावर नुसती खडी होती. चौथ्या वर्षी म्हैस आली. दहाव्या वर्षी समोरून ट्रक आला आणि म्हैस त्याच्या पलीकडे गेली. मला खांद्यावर टाकून तू चाललास ते अंतर तर दर पंगतीला वाढतं. दुधाच्या गाडीवाल्याने आपल्याला दवाखान्यात नेलं, तो बिचारा तुझ्या गोष्टीत कधी आलाच नाही. आणि शेवटी तू माझ्याकडे हात करतोस, मी उठून दोन पावलं लंगडून दाखवतो, मंडळी हसतात. मीही हसतो. माझं हसणं तुझ्या गोष्टीपेक्षा चांगलं वठतं, हे तूही मान्य करशील.

आता तू गाळतोस तो भाग. गाडी बाबांची होती. बाबा म्हणजे एकतीस वर्षं बस चालवून कुणाला ओरखडाही न काढलेला माणूस. डेपोच्या रिकाम्या आवारात त्यांनी मला ती गाडी शिकवली होती, आणि माझ्याशिवाय कुणाच्या हातात द्यायची नाही, अशी ताकीद होती. त्या दुपारी तू हट्टाने पुढे बसलास. वळणावर मान मागे वळवून मला विनोद सांगत होतास. त्याचा शेवट मला आजतागायत कळलेला नाही. तू गवतात पडलास आणि कपडे झटकत उठलास. गाडी उजवीकडे आडवी झाली, माझा पाय तिच्याखाली. दुधाची गाडी लांब दिसत होती, तेवढ्यात तू माझ्याजवळ बसलास आणि हात जोडलेस. म्हणालास, "तू चालवत होतास म्हण. माझं नाव कळलं तर तुझे बाबा लग्न मोडतील." धाकटीचे कपडे शिवायला गेले होते. मी मान हलवली. पाय तुटलेल्या माणसाने मान हलवण्याआधी विचार करू नये असा काही नियम नाही, पण करायला हवा होता.

बाबा दवाखान्यात आले, पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "चावी आता मागू नकोस." बस, एवढंच. त्यानंतर मी चालवत असलेल्या कुठल्याही गाडीत ते बसले नाहीत. शेवटच्या आजारात मी मोटार दारात आणली तर म्हणाले, जावयाला बोलाव. तू आलास, सावकाश चालवलीस, आणि मागच्या सीटवर बसून मी त्यांच्या तोंडून ऐकलं की जावई रस्ता जाणतो. त्यांचा विनाअपघात सेवेचा पितळी बिल्लाही त्यांनी तुलाच दिला. तुझ्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात आहे. पाहुण्यांना दाखवण्याआधी तू तो बाहीने पुसतोस, हे मी मुद्दाम बघत आलोय.

तर तुझी लेक. पहिले काही दिवस मी तिला मागे बसवून फिरवलं, पायांकडे बघ म्हणून. उतरताना एकदा तिची पोटरी सायलेन्सरला लागून भाजली. तिने गुरांचं मलम लावलं आणि विसरली. पुढच्या आठवड्यात मी विजार दुमडून गाडी धूत होतो. ती पायरीवर चहा पीत बसली होती. तिची नजर माझ्या पोटरीवर थांबली. आतल्या बाजूला, वीतभर, तिरका डाग. तो डाग सगळ्या नातेवाइकांनी पाहिलाय, पण गोष्ट आधी ऐकलेली असल्यामुळे कुणी नीट बघितलं नाही. तिने कप ठेवला. मला पुढे बसवलं, पायाजवळ बोटांनी माप घेतलं. मग मागे बसवलं आणि पुन्हा माप घेतलं, वासराचा पाय बघावा तसं. पुढे बसलेल्याची पोटरी सायलेन्सरपर्यंत पोचतच नाही, बाबांच्या गाडीवरही पोचत नव्हती. मग म्हणाली, "मामा, तू मागे बसला होतास." मी हो म्हटलं नाही, तुला दिलेला शब्द पाळला. नाही असंही म्हटलं नाही. तेवढा शब्द मी दिला नव्हता. ओलं फडकं तिच्या हातात दिलं आणि आम्ही दोघांनी मिळून गाडी पुसली.

तर आता हे पत्र कशासाठी, ते. रविवारी तुमच्या लग्नाच्या पंचविशीचं जेवण आहे. शंभर माणसं, आणि गोष्ट सांगायची फर्माईश होणारच. तुझ्या लेकीने ठरवलंय, तुझी गोष्ट पुरी होऊ द्यायची, माणसं हसून होऊ द्यायची, आणि मग एकच प्रश्न विचारायचा: पुढे कोण बसलं होतं? गोष्ट टाळलीस तर सगळे विचारतील आज काय झालं, आणि तेव्हा ती सांगेल. मी तिला थांबवू शकलो असतो. धाकटीला लागेल, हे मला कळतं. तो विचार मी पंचवीस वर्षं केला, आता तू कर. पत्र तुला बुधवारी मिळेल अशा बेताने टाकलंय. न सांगताही तिला तुझ्यावर सोडता आलं असतं, पण मग तुझं अर्ध्या मिनिटात आटोपलं असतं. मला तुला चार दिवस द्यायचे होते. घरात लेक समोर बसून जेवत असेल, मीठ मागेल, आणि तुला कळणार नाही की ती आत्ता विचारते की रविवारी. आम्ही मोटारसायकलवरून येऊ. ती पुढे, मी मागे, माझी जागा मला पाठ आहे. बाबांचा बिल्ला कपाटातून काढून ठेव, जाताना मी नेणार आहे. का नेला, असं कुणी विचारलं तर तूच सांग. गोष्ट सांगण्यात तुझा हात कोण धरणार?

तुझाच,
मागच्या सीटवरचा