चढावर थांबणारा वायपर

रविवार, संध्याकाळ

१. दिंडोरीहून परतताना चढावर जोराचा पाऊस लागला.
२. बाबांच्या जुन्या गाडीचा वायपर थांबला.
३. समीरने बुटांच्या लेस सोडल्या.

समीर म्हणजे आत्याने सुचवलेलं स्थळ. नकार द्यायचा, हे ठरवूनच त्याच्याबरोबर फिरायला गेले होते. मी त्याला सांगितलं, "बिघाड नाही. हा वायपर इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी पडते."

"म्हणजे ऐन गरजेला गायब. आमच्या मामांसारखा."

मग त्याने वायपरला दोन्ही लेस बांधल्या. एक माझ्या खिडकीतून आत, एक त्याच्या. मी ओढायची, मग तो. "तुमची पाळी, इंजिनिअर मॅडम." काच पुसली जात होती, बाह्या भिजत होत्या आणि मी हसत होते. का? उपाय तर अगदीच प्राथमिक.

घरी बाबा म्हणाले, "आता विजेची मोटर बसवूनच टाकू." कालपर्यंत मीच मागे लागले होते. म्हटलं, राहू द्या.

लेस अजून वायपरलाच आहेत. तो तसाच बूट फटफटवत गेला.

आत्ताच त्याला मेसेज केला: "तुमच्या लेस माझ्याकडे आहेत. पुढच्या रविवारी त्याच चढावर जायचं का? शुक्रवारपर्यंत कळवा."