विसावी मॅच

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. मोठे खेळाडू लिहितात म्हणे. ही कुणी वाचायची नाही, तेव्हा खरं तेच लिहायचं.

काल माझी एकोणिसावी मॅच. हरलो, पण एकाच गोलने. तो माझ्या बाजूने झाला असं काही जण म्हणतात. मी हात वर केला होता. स्वच्छ ऑफसाइड. लाइन्समनने बघितलंच नाही, त्याला मी काय करू? कोच म्हणाले, हात वर करण्यापेक्षा मागे धावला असतास तर पोचला असतास. एकदा हात वर केल्यावर धावणं बरं दिसत नाही.

असो. आता फक्त एक मॅच. कॉन्ट्रॅक्टमध्ये कलम आहे, या सीझनमध्ये वीस मॅच खेळलो की पुढचं वर्ष आपोआप पक्कं. एजंटने घालून घेतलंय. आयुष्यात त्याने एवढं एक काम नीट केलं. बायकोला सांगितलं, शनिवारी झालंच समज. ती नुसतं हं म्हणाली.

७ फेब्रुवारी
बेंचवर. कोच म्हणाले, आराम कर. छत्तिसाव्या वर्षी शरीर जपावं लागतं, हे या माणसाला कळतं. माझ्या जागी खांब खेळला. खांब म्हणजे आमचा नवा डिफेंडर. उंची भरपूर, पण वळायला ट्रकइतका वेळ घेतो. जिंकलो. खांबामुळे नव्हे, समोरचेच फालतू होते.

१४ फेब्रुवारी
बेंच. मैदान ओलं होतं. ओल्या मैदानावर अनुभवी माणसाला उतरवणं धोक्याचं.

२१ फेब्रुवारी
बेंच. मैदान कोरडं होतं. कोरड्या मैदानाचा गुडघ्यांना त्रास होतो.

कोच हल्ली माझ्याकडे बघायचं टाळतात. मोठ्या मॅचसाठी राखून ठेवलंय हे उघड आहे. राखीव माणसाशी फार सलगी करत नाहीत, टीममध्ये जळफळाट होतो.

संकल्प: उद्यापासून रोज पहाटे उठून स्ट्रेचिंग.

२४ फेब्रुवारी
स्ट्रेचिंग सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच सुरू केलं तर शरीर गोंधळतं.

मुलीने जेवताना विचारलं, बाबा, पुढच्या वर्षी आपण इथेच आहोत ना? वर्गातल्या मैत्रिणीबरोबर तिला नाटकात भाग घ्यायचाय आणि तालमी थेट पुढच्या वर्षापर्यंत चालणार आहेत. आजवर तिच्या पाच शाळा झाल्या. दरवेळी मी तिची समजूत घालत आलो की नवी शाळा म्हणजे नव्या मैत्रिणी. या वेळी तिला जुनीच हवी आहे. मी म्हटलं, इथेच. बाबाचा शब्द.

बायको पाणी आणायला उठून गेली. पाण्याचा जग टेबलावरच होता, भरलेला.

१ मार्च
आज सहज मोजलं. बारा क्लब झाले. सगळीकडे आपला दबदबा होता. समुद्राकाठच्या क्लबात वारा असा, की गोलकीपरने मारलेला बॉल परत त्याच्याच हातात. डोंगरातल्या क्लबात मैदानाला उतार. पहिला हाफ चढावर खेळलो आणि दुसऱ्या हाफमध्ये बॉल आणायला दरीत उतरलो. एका देशात भाषाच येईना, तर समोरच्या स्ट्रायकरशी दोन वर्षं कोपराने बोललो. त्याला सगळं कळायचं. एक क्लब मी तिथे गेल्यावर चौथ्या महिन्यात बंदच पडला. त्यात माझा काही हात नव्हता.

कुठेच फार काळ ठेवून घेतलं नाही, हे खरं. चांगल्या डिफेंडरची सगळीकडेच गरज असते, एकाच क्लबने अडवून ठेवणं बरोबर नाही.

दर वेळी खोकी भरणं मात्र बायकोकडे. ती आता खोकी पूर्ण उघडतच नाही. हिवाळ्याचे कपडे अजून टेप लावूनच आहेत.

१० मार्च
एजंटचा फोन. म्हणाला, शहाणा असशील तर आता तरी समजून घे, ते तुला विसावी मॅच देणार नाहीत. खेळवलं तर वर्षभर सांभाळावं लागेल, क्लबला ते नकोय. मी म्हटलं, कोच स्वतः डिफेंडर होते, डिफेंडर डिफेंडरला असं करत नाही.  तो म्हणाला, लांबच्या एका क्लबात तीन दिवसांची ट्रायल आहे, एप्रिलच्या शेवटी, जातोस का?

ट्रायल! मी! त्यांच्यातले निम्मे मी खेळायला लागलो तेव्हा रांगत होते. फोन ठेवला. त्यानेच आधी ठेवला होता म्हणा.

२१ मार्च
आज नशिबाने स्वतः दार उघडलं. खांबाला रेड कार्डामुळे बंदी, दुसऱ्या डिफेंडरचा घोटा सुजलेला. मी सकाळीच दाढी करून तयार.

कोचनी मागे स्ट्रायकरला खेळवलं.

क्षणभर मलाही उमजेना. मग ध्यानात आलं, हा आधुनिक फुटबॉल आहे. सगळ्यांना सगळं आलं पाहिजे. शेजारी बसलेल्या राखीव गोलकीपरला हे नीट समजावून सांगितलं. स्ट्रायकरने तोवर आपल्याच गोलमध्ये बॉल मारला होता. गोलकीपर माझ्याकडे बघत राहिला आणि त्याने मला आपलं अर्धं च्युइंग गम दिलं.

४ एप्रिल
ठरवलं की कोचना आठवण राहत नसेल तर आपण दिसत राहावं. पूर्ण सेकंड हाफ लाइनलगत वॉर्म-अप केला. उड्या, धावणं, गुडघे वर, सगळं. शेवटी कोचनी निरोप पाठवला की खाली बस, लाइन्समनच्या आड येतोयस. घरी आलो तेव्हा पाय भरून आले होते. न खेळता इतकं दमायला होतं हे कुणाला सांगून पटणार नाही.

१६ एप्रिल
शेवटच्या मॅचला दोन दिवस. लीगमध्ये आम्ही वरच्या गटातही जाणार नाही, खालच्याही नाही. मला उतरवायला कुणाची हरकत असायचं कारणच नाही. तेव्हा सरळ कोचच्या खोलीत गेलो. म्हटलं, पाच मिनिटं खेळवा, शेवटची.

त्यांनी दार लावलं. खुर्चीवर बसले नाहीत, टेबलाला टेकून उभे राहिले.

"तुला उतरवलं तर मालक मला घरी पाठवतील. स्पष्ट सांगितलंय. माझीही दोन पोरं इथल्याच शाळेत आहेत रे."

 मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. त्यांनीच डोळे पुसले. मला तसं काही झालं नाही. पार्किंगमध्ये गाडीत बराच वेळ बसलो, कारण गाडी लगेच काढायची घाई नव्हती.

१७ एप्रिल
तरी बूट घासून ठेवलेत.

१८ एप्रिल, संध्याकाळ
सीझन संपला. बेंच.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, क्लबचं धोरण वगैरे. मध्येच अडकलो. म्हटलं, कलमामुळे मुद्दाम बसवून ठेवलं मला.

"माहीत होतं," ती म्हणाली. "शाळेच्या गेटपाशी सगळे आईबाप हेच बोलतात. फेब्रुवारीपासून."

मग तू का नाही बोललीस, असं विचारलं.

"तू दर शुक्रवारी बूट घासायला बसायचास. काय बोलायचं?"

मग तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. ती जिथे रक्त तपासायचं काम करते त्या लॅबने तिला मागच्या महिन्यातच कायम केलं. मुलीचं नाव तिने नाटकात घातलं. घरमालकाशीही बोलून झालंय. म्हणाली, "आम्ही दोघी इथेच राहणार आहोत. तुला ट्रायलला जायचं तर जा, मी अडवणार नाही. राहायचं तर राहा."

आतल्या खोलीत मुलगी नाटकातली वाक्यं पाठ करत होती. तिला दिलेला शब्द तिच्या आईने परस्पर पाळला होता. माझं काहीच काम उरलं नव्हतं. एरवी मी अशा वेळी काहीतरी बोलून मोकळा झालो असतो. आज म्हणालो, दमलोय गं. खूप दमलोय. हे इतक्या वर्षांत तिला कधी बोललो नव्हतो.

ती जवळ येऊन बसली.  मग म्हणाली, सोमवारी दहाला प्लंबर येणार आहे. ती लॅबमध्ये असेल, मुलगी शाळेत. घरी कुणीतरी हवं.

मी म्हटलं, मी असेन.

तर म्हणाली, त्याला काही शिकवायला जाऊ नकोस. तो करेल त्याचं तो, तू नुसता बाजूला बसून राहा.

बरं म्हटलं. आता तेवढं मला नक्की जमतं.