कडू डोंगर

१२ सप्टेंबर १९९८, शनिवार

खर्रर्र — खट्.

सव्वीस वर्षं बंद पडलेल्या करवतीचा हा आवाज आज सकाळी चिच्चोच्या दुकानात, तोंडाला फेस लावलेला असताना, कानात आला. ज्याच्या लाकडाचे ओढायचे पाइप होतात ते ब्रायरचं झुडूप खडकात वाढतं. मुळाशी त्याचा गड्डा फुगत जातो आणि फुगताना लहानसहान खडे पोटात घेतो. गोल करवत मजेत चाललेली असते, मध्येच तो खडा लागतो. खट्. माझा थोरला भाऊ, रोझारिओदादा, मान वर न करता म्हणायचा, "डोंगराने दात दाखवले."

आवाज का आला? चिच्चोमुळे. वस्तरा माझ्या गालावर टेकवून म्हणतो, "नातो, तुझा सोयरा येतोय."

"माझे सगळे सोयरे कबरस्तानात आहेत."

"एक उरलाय. मारांगोनी. अकरा ऑक्टोबरला वीबोच्या सभागृहात पाइप ओढणाऱ्यांचा मेळावा आहे. तो मुख्य परीक्षक. हलू नकोस, कान जाईल."

मी हललो. कान थोडा गेलाच.

ओरेस्ते मारांगोनी! उत्तरेतला नावाजलेला पाइप बनवणारा, आमच्या लाकडाचं मोठं गिऱ्हाईक. १९७१ च्या नोव्हेंबरात आमच्या लाकूडगिरणीच्या बारा गोण्या परत घेऊन आला होता. चर्चसमोरच्या चौकात त्या उतरवल्या, एका गोणीवर पाय ठेवला आणि सगळ्या गावासमोर बोलला — "तुमच्या माणसांत खोट नाही. खोट या डोंगरात आहे. इथली मातीच कडू. यापुढे माझं लाकूड तोस्कानाहून येईल."

दादा बाजूला उभा होता. एक शब्द बोलला नाही. त्याचं ते गप्प उभं राहणं मी आजवर विसरलेलो नाही.

मारांगोनीने पाठ फिरवली म्हणताना बाकीच्यांनीही फिरवली. वर्षाच्या आत गिरणीला कुलूप. गड्डे खणणारी चाळीस घरं तोरीनोला कारखान्यांत गेली. दादा ऑस्ट्रेलियाला गेला, परक्याच्या लाकूडवखारीत राबला आणि ८८ साली तिथेच मेला.

मी राहिलो. राहिलो ते बहुधा या ऑक्टोबरसाठीच.

१३ सप्टेंबर

चर्चमध्ये मिसेला गेलो. पाद्री क्षमेवर बोलत होता. बोलू दे.

१५ सप्टेंबर, मंगळवार

असुंताकडे गेलो. बहिणीची मुलगी. पन्नाशी ओलांडली, नवरा गेला, त्याच्या गॅरेजमध्ये लेथ टाकून पाइप करते. हात सोन्याचे, जीभ वस्तऱ्याची.

माझा बेत सांगितला. त्या बारा गोण्यांपैकी एक अजून माझ्या माळ्यावर आहे. सत्तावीस वर्षं सुकलेले ठोकळे. त्यांतून सहा पाइप करायचे. सहा तिच्याकडच्या तोस्काना लाकडाचे. बाराही एकाच घडणीचे, एकाच रंगाचे. खूण फक्त आत, दांडी बसते त्या भोकात. आमच्या लाकडाला पेन्सिलीचा एक ठिपका. ते भरून मारांगोनीच्या हातात द्यायचे आणि विचारायचं, सांगा साहेब, कडू मातीचे कोणते?

त्याला सांगता येणार नाही. कसं येईल? मग मी उठणार, दांड्या काढणार आणि ठिपके दाखवणार.

असुंताने ऐकून घेतलं. "मामा, त्याला पाइप पाजायचाय की ठार मारायचंय? तेवढं आधी ठरवा."

"पाजूनच मारायचंय."

"आणि त्याने बरोबर ओळखले तर?"

"आपल्या डोंगराचं लाकूड आहे ते!"

"अहो, पण मग डोंगराचा फरक कळतो की कळत नाही? तुम्हाला नक्की काय सिद्ध करायचंय?"

या बाईला शाळेत घातलं तेच चुकलं.

१६ सप्टेंबर

तिने मेळावा भरवणाऱ्या क्लबाच्या चिटणीसाला फोन केला. तो खूश. असा खेळ तिथे कधी झालाच नव्हता म्हणे. मी कोण, हे त्याला सांगितलेलं नाही.

२२ सप्टेंबर, मंगळवार

रोज गॅरेजमध्ये जाऊन बसतो. पहिल्या ठोकळ्यावर पटाशी लागली तेव्हा आतले रेषांचे झोत दिसले, उभे, आग वर चढावी तसे. असुंतासुद्धा क्षणभर थांबली. "सुंदर कापलंय. तुम्ही की मोठ्या मामांनी?"

"दादाने." खरं तेच सांगितलं. करवतीवर कायम दादा. गड्डा हातात फिरवायचा, कुठे चीर आहे, कुठे खडा आहे ते बोटांनी ऐकायचा आणि मग एकच काप. मी बाकीची कामं करायचो. गड्डे ओल्या गोणपाटाखाली ठेवायचे, दिवसातून चारदा पाणी मारायचं, कारण वारा लागला की ते तडकतात. कापलेले ठोकळे तांब्याच्या काहिलीत उकळायचे. मग सावलीत रचायचे.

परत येताना शाळेवरून आलो. आता तिथे दवाखाना आहे. खिडकी मात्र तीच. त्या खिडकीशी उभं राहून मास्तर आम्हाला स्वतःच्या कविता म्हणायला लावायचे. एक अजून अख्खी पाठ आहे.

मूळ बोले मातीशी,
धूर बोले आभाळाशी,
मधे उभा माणूस वेडा,
कान लावी दोघांशी.

अकराला बोलताना शेवटी याच ओळी म्हणायच्या. आधी शांतपणे ठिपके दाखवायचे. मग म्हणायचं — "साहेब, माती कडू नव्हती. तुमची जीभ कडू होती." मग कविता. मग बसायचं. टाळ्या झाल्या तरी उठायचं नाही.

आरशासमोर तीनदा म्हणून पाहिलं. "जीभ" वर जोर हवा.

२५ सप्टेंबर

चिच्चो विचारतो, "इतका खूश का? बायको मिळाली?" म्हटलं, त्याहून बरं काहीतरी.

२९ सप्टेंबर, मंगळवार

बाराही तयार. ओळीने मांडले. सख्ख्या भावंडांसारखे. आता मलाही ओळखता येत नाहीत. छान.

त्याचा चेहरा कसा होईल याचाच विचार करत जेवलो. डाळ करपलेली होती, ते ताट धुताना कळलं.

१ ऑक्टोबर, गुरुवार

असुंता म्हणाली, देण्याआधी आपण ओढून बघू. कोऱ्या पाइपात तंबाखूआधी लाकूडच बोलतं, नंतर राख बसली की ते गप्प होतं. बाकीचे कोरेच राहू देत म्हणून फक्त चार घेतले. मी डोळे मिटले. ती एकेक हातात देत गेली.

पहिला गोड. कोवळ्या अक्रोडासारखा. मनात म्हटलं, हा आपला.

दुसरा कडू. जिभेच्या मुळाशी हिरवा, तुरट डंख. पाणी प्यायलो. मनात म्हटलं, तोस्काना.

तिसरा गोड. चौथा पुन्हा कडू. इतका की तोंडातला धूर थुंकून टाकला.

डोळे उघडले. असुंताने दांड्या काढून ठेवल्या होत्या. ठिपके दोन पाइपांत होते. दुसऱ्यात आणि चौथ्यात.

तिने चौथ्याची तंबाखू भरायची वाटी नाकाशी धरली, आत नख फिरवलं, नख चाटलं.

"मामा, ही माती नाही. हे लाकूड कच्चं आहे. रस पुरता निघालेलाच नाही. तेव्हा काहिलीवर कोण होतं?"

"मजूर होते," मी म्हटलं.

२ ऑक्टोबर

आज काही लिहायचं नाही.

३ ऑक्टोबर, शनिवार

काहिलीवर मी होतो.

बारा तास खळाखळा उकळावं लागतं. पहाटे जाळ लावायचा, सूर्य मावळेपर्यंत पाणी एकदाही निवू द्यायचं नाही. बारा गोण्या म्हणजे तीन घाणे, तीन दिवस. ७१ चा मार्च होता. मास्तर अंथरुणाला खिळलेले. त्यांनी आपली कवितांची वही मला दिली होती, तीनच दिवसांसाठी. उतरवून घे म्हणाले, मग ती त्यांच्या बहिणीकडे जाणार. मी काहिलीशेजारी बसून उतरवत होतो. मान वर केली की पाणी थंड. घाईने ढलप्या टाकायच्या, पुन्हा उकळी आली की वही. पुन्हा थंड. तिन्ही दिवस तेच. संध्याकाळी दादाला सांगायचं, झाला घाणा.

वाटलं, चारपाच तास कमी उकळलं तर काय होतंय!

हे मला आज आठवलं असं नाही. ते आत कुठेतरी होतंच. पण मारांगोनीने डोंगराला शिवी दिली आणि माझी सुटका झाली. त्या चौकात मी सगळ्यांत मोठ्याने त्याला शिव्या दिल्या होत्या. दगडही मारला होता. आता कळतं, इतक्या जोरात का मारला ते.

म्हणून काय तो सुटला? नाही. लाकूड कच्चं आहे, हे त्याच्यासारख्याला कळलं नसेल? तेव्हाच पंचवीस वर्षांचा अनुभव! नक्की कळलं असणार. तरी त्याने डोंगराचं नाव घेतलं. माझा गुन्हा तीन दिवसांचा. त्याचा सत्तावीस वर्षांचा.

५ ऑक्टोबर, सोमवार

आपल्याच डोंगराच्या पलीकडच्या उतारावर एकजण अजून करवत चालवतो. असुंता त्याचं लाकूड घेते. त्या लाकडाचे तिचे पाइप आणि तोस्कानाचे पाइप असे सहा आज डोळे मिटून ओढले.

तीन पाइपांना आपले म्हटलं. त्यांत दोन तोस्कानाचे निघाले.

पुन्हा केलं. पुन्हा चुकलो. नीट उकळलं, सावकाश सुकवलं की कुठली माती नि कुठलं काय. आयुष्यभर या डोंगराच्या नावाने छाती फुगवली, आणि या जिभेला तो ओळखता येत नाही. याचं दुःख करायला अकरानंतर वेळ काढीन.

आधी काम. माळ्यावरच्या ठोकळ्यांचे सहा पाइप बाजूला. त्यांच्या जागी पलीकडच्या लाकडाचे सहा, त्याच घडणीचे. तोस्कानाचे दोन ओढून झालेत, त्यांच्या जागीही कोरे दोन. ठिपका तसाच. सभेत सांगायचं, हे तेच ७१ चं लाकूड, साहेबांनी परत केलेलं.

असुंता लेथ बंद करून माझ्याकडे वळली. "म्हणजे खोटं बोलायचं."

"डोंगर तर आपलाच आहे ना?"

"डोंगर आपला, लाकूड दुसऱ्याचं, उकळलेलं तिसऱ्याने. तो डोंगराविरुद्ध खोटं बोलला, तुम्ही डोंगराच्या बाजूने बोलणार. एवढाच फरक?"

"बाजू महत्त्वाची असते."

"मामा, तुम्ही काहीतरी लपवताय."

"तू पाइप करणार की नाही?"

"करते. पण तुम्ही भाषणाला उभे राहिलात की मी बाहेर जाऊन उभी राहीन. आधीच सांगून ठेवते."

राहू दे बाहेर. माझी बाजू घ्यायला मला कुणी नको.

८ ऑक्टोबर, गुरुवार

पाइप मिळाले. पेटीत कापूस घालून ठेवले. ते कच्चे सहा आणि गोणीतले उरलेले ठोकळे चुलीत टाकले. भुरभुर जळले. इतकी वर्षं सुकल्यावर दुसरं काय होणार! एकही पुरावा उरला नाही.

काळा कोट उन्हात टाकला. भाषण पाठ. "जीभ" वरचा जोर बरोबर बसतो आता. त्याचा चेहरा रोज पाहतो, जेवताना, दाढी करताना. आधी हसू, मग गोंधळ, मग सगळं सभागृह त्याच्याकडे बघतंय. दादा बाजूला गप्प उभा होता तसा तो उभा. तेवढं दिसलं की झोप लागते.

९ ऑक्टोबर

पाऊस. चिच्चोकडे दाढी-कटिंग. "लग्नाला चाललायस?" म्हणाला. म्हटलं, मयताला.

१० ऑक्टोबर, शनिवार

चारच्या सुमाराला दार वाजलं. वाटलं असुंता. दारात दोन काठ्यांवर वाकलेला एक म्हातारा. टॅक्सी खाली उभी. त्याने टोपी काढली तेव्हा ओळखलं. मारांगोनी.

म्हणाला, "उद्याच्या आधी तुम्हाला भेटायचं होतं. बसू का? पाय राहत नाहीत." बसला. पाणी मागितलं. मग एका दमात बोलला, वाटेत पाठ करत आल्यासारखा —

"त्या वेळी मी चौकात यायच्या आदल्या दिवशी तुमचा भाऊ मला भेटला होता. म्हणाला, लाकूड कच्चं राहिलंय, तुम्हाला दिसलंच असेल. गावाला कळलं तर ही चाळीस घरं नातोला जगू देणार नाहीत. मी परदेशी जाईन, त्याला इथेच राहायचंय. तुम्ही डोंगराला दोष द्या, डोंगराला कोण मारणार? मी दिला. मग त्याच वाक्यावर माझं दुकान चाललं, आणि ते मला सोयीचं होतं. तो गेल्याचं कळलं तरी गप्प राहिलो. आता डॉक्टर म्हणतात, माझेही थोडेच दिवस आहेत. उद्या सगळ्यांसमोर या डोंगराचं नाव धुऊन द्यायचंय. पण ते तुमचं नाव घेतल्याशिवाय धुता येत नाही. म्हणून विचारायला आलो. सांगू?"

तो स्वयंपाकघरात बसलाय. चष्मा आणतो असं सांगून मी इकडे खोलीत येऊन हे लिहीत बसलो, त्यालाही अर्धा तास झाला.