आधी लग्न की आधी व्हिसा

२ जून
दीपाचा जर्मनीतल्या हॉस्पिटलचा करार आला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात नर्स म्हणून रुजू. मला मागून जायचं तर नवरा म्हणून व्हिसा, त्यासाठी आधी लग्नाचं सर्टिफिकेट. आमचं लग्न ठरलंय डिसेंबरात. आईने कल्याण मंटपही बुक केलाय.
अलीकडे घेऊ म्हटलं. आई म्हणाली, "आत्ता मंटप कोण देतो? आणि पुढे आषाढ. आषाढात लग्न करतात होय रे?"
जर्मन सरकारला आषाढ कोण सांगणार.

५ जून
मंजूकाका येऊन गेले. "आपले पूर्वज घोड्यावर बसून म्हैसूरच्या फौजेत आले. तू बायकोच्या मागे विमानात बसून चाललास." बाबा पेपर वाचत राहिले. मी येलवालच्या कॉलेजात गणित शिकवतो. घोडा माझ्याकडे कधीच नव्हता.

९ जून
रजिस्ट्रार ऑफिस. वाटलं होतं, दोन सह्या केल्या की झालं. क्लार्क म्हणाला, "मदुवे फोटो एल्ली?" लग्नाचा फोटो कुठाय. विधी झाला असेल तर फोटो आणि पत्रिका आणा. नुसत्या सहीचं लग्न हवं तर महिनाभर नोटीस. तोवर दीपा गेलेली असेल.
म्हणजे लग्न केल्याशिवाय लग्न नोंदवता येत नाही. बरोबरच आहे म्हणा, पण डोकं उठलं.

१० जून
आईला सांगितलं: आता नंजनगूडला, दीपाच्या गावी, देवळात चार माणसांत. डिसेंबरात मंटपात पुन्हा.
"मग डिसेंबरातलं काय, नाटक?"
जेवली नाही. दीपाच्या वडिलांचा फोन. "देवळातलं खरं असेल तर मुलगी तुमच्या घरी पाठवतो. खरं मंटपातलं, तर तोवर माझ्याकडे राहील."
विचारलं, आणि जर्मनीत? त्यावर ते "नोडोण" म्हणाले. बघू.

१७ जून
लग्न झालं.
आई येणार नव्हती. सकाळी बघतो तर गाडीत सगळ्यांच्या आधी बसलेली. साडी साधी. रेशमी डिसेंबरासाठी. मंगळसूत्रही साध्या काळ्या पोतीचं, मोठं डिसेंबरात. फोटोग्राफर म्हणाला, अम्मा, थोडं हसा. आई म्हणाली, "डिसेंबरात."
दीपा मात्र मुंडावळ्या सावरत सारखी हसत होती. मला एकदम फार बरं वाटलं. पंधरा दिवसांत प्रथमच.
जेवणं झाल्यावर ती तिच्या घरी, मी माझ्या.

२३ जून
सर्टिफिकेट मिळालं. पासपोर्टवर बाबांचं पूर्ण नाव, ह्यात नुसतं इनिशियल. जर्मन लोकांना हा वेगळाच माणूस वाटेल. पुन्हा खेटे. क्लार्क आता मला पाहिलं की चष्मा काढून ठेवतो.

४ जुलै
दीपा गेली. विमानतळावर तिची आई ओळखीच्या कुणाला तरी सांगत होती, "हा आमचा होणारा जावई."
"झालेला," दीपा म्हणाली. मोठ्याने. मग ट्रॉली ढकलत आत.
ह्या घरात ती राहिलीच नाही, तरी घर फार रिकामं वाटतंय.

१४ सप्टेंबर
जर्मनची परीक्षा पास. व्हिसाला तीही लागते. नीट येणारं एकच वाक्य: माझं लग्न झालेलं आहे. घरी कुणापुढे म्हणून दाखवू?

३ ऑक्टो.
दीपाला डिसेंबरात रजा नाही. नवीन माणसाला देत नाहीत. मार्चमध्ये कदाचित.
आई: "मंटप मार्चला नेऊ. तोवर थांब. लग्न करून जा."
दीपा फोनवर: "थांबू नकोस. मी इथे रोज एकटी जेवते. लग्न झालंय ना आपलं?"
दोघींना मी 'हो' म्हणालो. मूर्ख.

१९ ऑक्टो.
बेंगळूर, व्हिसाची अपॉइंटमेंट. आई म्हणाली, मीही येते. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कधी जाणार? आई काचेपलीकडे बाकावर, पिशवी मांडीवर घेऊन. मी म्हणालो, व्हिसा मिळेल तेव्हा लगेच. काचेतून ऐकू जातं की नाही, माहीत नाही.
परतीच्या बसमध्ये तिने पिशवीतून चित्रान्नाचा डबा काढला. मंड्यापर्यंत मला वाढत राहिली. मग म्हणाली, "मंटपवाल्याला शुक्रवारी सांगायचंय, मार्च की रद्द."
मी म्हटलं, सांगतो.
"मला नको सांगू," ती म्हणाली. "तिला विचार. सून माझी आहे ती."
सून म्हणाली. पहिल्यांदाच. कुठल्या लग्नाची, ते विचारायचा धीर झाला नाही.