तापलेल्या हवेतला आठ

मंगळवार, संध्याकाळ

काकांच्या खाडीकाठच्या भातशेतात पाडलेल्या बांधकामाचं डेब्रिज टाकणाऱ्या डंपरचा व्हिडिओ आज पुन्हा तपासला. भर दुपारी, लांबच्या बांधावरून काढलेला. तापलेल्या हवेत नंबरप्लेट नुसती थरथरते. दोनशे फ्रेम एकमेकींवर बसवून सरासरी काढली, तर शेवटचा आकडा तीनही वाटतो, आठही. अस्पष्ट चित्र स्पष्ट करणाऱ्या एआय मॉडेलने मात्र स्वच्छ आठ काढून दिला. जे दिसत नाही, ते मॉडेल सवयीने भरतं. हा आठ तसाच असेल तर?

काका म्हणाले, "मशीन आठ बोलतं, मग तू कोन नाय बोलनारी?"

पण आठची गाडी भलत्याचीच निघाली तर?

तक्रारअर्जात शेवटचा आकडा मी कोरा ठेवला. काकांनी सही केली आणि ते चहा न घेता गेले. अपुऱ्या नंबरावर डंपर कोणी शोधत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.