मोजे घालून लागलेली झोप

१८ डिसेंबर, बुधवार. पहाटे ४.२०
झोप नाही. रात्रीतून चार वेळा लघवीला उठलो. कारण संध्याकाळचा चहा. आजपासून संध्याकाळचा चहा बंद.
पाय गार पडतात. कधीकधी माझे वाटतच नाहीत. मोबाईलवर एका बाईंनी सांगितलं की मोजे घालून झोपा, पाय गरम झाले की झोप पटकन लागते. बाई हुशार वाटल्या. मागे पुस्तकांचं कपाट होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मालेगावात मेथी देऊन येताना स्टँडजवळून लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड घेतले. दुकानदाराने बुटाचा नंबर विचारला. बूट नाहीत, झोपायला पाहिजेत, असं सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट पाहिलं.
घरी कस्तुरा म्हणाली, "मळ्यात अनवाणी फिरता, अन् गादीवर मोजे?" तिला सायन्स समजावलं. ती भाकरी थापत राहिली.

१९ डिसेंबर, गुरुवार
सक्सेस! सलग अडीच तास झोप. मग लघवी. चहा घेतला नव्हता. म्हणजे दोष मिरचीचा. मिरचीने तहान लागते, तांब्याभर पाणी पिणं होतं, ते बाहेर येणारच. मिरची कमी.

२१ डिसेंबर, शनिवार
मळ्यातून घरी आलो तर एकाच पायात चप्पल. कस्तुराने दाखवलं तेव्हा कळलं. दुसरी पाण्याच्या पाटात चिखलात रुतून बसली होती. मी तसाच काट्याकुट्यातून चालत आलो होतो.
विचारात होतो, असं सांगितलं. थंडीत पाय बधिर होतात, सगळ्यांचेच होतात, असंही सांगितलं. (सगळ्यांना विचारलेलं नाही.)
कस्तुरा न भांडता चप्पल आणायला गेली. ती भांडते तेव्हा मी निर्धास्त असतो.

२२ डिसेंबर, रविवार
कारंज्याहून राधिकाचा फोन. मुलगी सासरी गेली तरी आईकडून सगळा रिपोर्ट तिला रोजच्या रोज पोचतो. "बाबा, उद्याच्या उद्या शुगर तपासा." मी म्हणालो, आपल्या घराण्यात कोणालाच शुगर नाही. ती म्हणे, "घराण्यात कोणी तपासलीच नाही."
मग लाईन कट झाली. (मीच केली.)
तपासायला मी भीत नाही. मुद्दा रामधनचा आहे. शेजारच्या मळ्यातला रामधन गेल्या वर्षी तळपायाचा एक फोड घेऊन दवाखान्यात गेला आणि गुडघ्याखालचा पाय तिथेच ठेवून आला. जाण्याआधी दोन पाय होते. आल्यावर एक. यातून कोणीही शहाणा माणूस काय शिकेल?

२५ डिसेंबर, बुधवार
साडेपाच तास! मधे एकदाच उठलो. मोज्यांचा गुण. ही माहिती चार लोकांना सांगायला हवी. वजनही उतरलं आहे, पँटला पट्टा लागतो. एकूण तब्येत सुधारते आहे.

२७ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी ६
डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक. वाटाण्याएवढं. भोवती काळपट लाल डाग, वाळलेला.
मोजा काढला. अंगठ्याचं टोक कुरतडलेलं.
उंदीर. घरात सोयाबीनची पोती आहेत, उंदीर असणारच. यात भिण्यासारखं काही नाही. उलट बघा, उंदराने चावून रक्त काढलं तरी मला जाग आली नाही, म्हणजे झोप किती गाढ! मोज्यांचा याहून मोठा पुरावा कोणता?
हे लिहून बरं वाटलं. पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं नाही.
हळद भरली. दुसऱ्या जोडातला मोजा चढवला. भोकाचा मोजा गादीखाली.

त्याच दिवशी, दुपारी
कस्तुरा मळ्यात गेल्यावर टाचणी घेऊन बसलो. अंगठ्याला टोचली. काही नाही. बाकीची बोटं. काही नाही. टाच. काही नाही. वर वर टोचत गेलो. एकदा जास्तच आत गेली, तरी काही नाही. घोट्याच्या वर चार बोटं आलो तेव्हा दुखलं.
इतका आनंद झाला की तिथेच पुन्हा टोचली.

२९ डिसेंबर, रविवार
आता दिवसाही मोजे घालतो. "दिवसा काहून घालून राह्यले?" कस्तुराने विचारलं. थंडी, म्हणालो. ऊन चांगलं कडक होतं.
घरात वास सुटला आहे. मी म्हणालो, पोत्यांमागे उंदीर मेला असेल. तिने एकेक पोतं सरकवून पाहिलं. मी बॅटरी धरून उभा. अर्धा तास शोधलं बिचारीने. उंदीर सापडला नाही.
मला माहीत होतं, सापडणार नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार
ताप. दात वाजतात. नवीन वर्षाचा संकल्प: अंगठा बरा झाला की लगेच शुगर तपासायची. आत्ता गेलो तर डॉक्टरचा उगाच गैरसमज होईल.

त्याच दिवशी, रात्री
रामधन आला होता. कुबडी टेकत, बांध ओलांडून. कस्तुराने बोलावला होता. खाटेवर बसला आणि म्हणाला, "चंपत, मोजा काढ."
मी म्हणालो, थंडी आहे.
तो म्हणाला, "मी बी फडकं बांधून फिरलो दीड महिना. बायकोले सांगतलं, मोच आली. दवाखान्यानं नाही नेला रे माझा पाय. मी लपवला, म्हणून गेला."
कस्तुरा खाली बसली. मोजा निघेना, चिकटला होता. तिने कोमट पाणी आणून भिजवला आणि हळूहळू सोडवला. अंगठा काळा. लाल रेघ वर घोट्याकडे निघालेली.
तिने विचारलं, किती दिवस झाले. मी म्हणालो, दोन. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणालो, पाच.
"मले काहून नाही सांगतलं?"
भेव वाटलं, म्हणालो. बावन्न वर्षांचा झालो, हा शब्द तिच्यासमोर पहिल्यांदा काढला. ती रडेल असं वाटलं होतं. तिने उठून पिशवी भरायला घेतली.

१ जानेवारी, बुधवार. वाशीम
पहाटे ऑटोने आलो. शुगर ४१२. मशीन बिघडलं असेल, असं मी नम्रपणे सुचवलं. डॉक्टरांनी दुसऱ्या मशीनवर तपासली. ४०९. तीनने कमी आहे, असं कस्तुराला सांगितलं. तिने तोंड फिरवलं.
अंगठा काढावा लागेल. पाय वाचेल का, विचारलं. प्रयत्न करू, म्हणाले. सही करताना माझं नाव मला दोनदा लिहावं लागलं.

३ जानेवारी, शुक्रवार
अंगठा गेला. पाय आहे. पट्टी बांधलेली आहे, पण सारखा उठून पाय मोजतो. एक, दोन.

५ जानेवारी, रविवार. दुपारी
डॉक्टर राउंडला येणार म्हणून काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. मी किती हिमतीने सगळं सोसलं, वगैरे. त्यांनी पट्टी पाहिली, "चाललंय ठीक," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. तिथल्या म्हाताऱ्याचे दोन्ही पाय बांधलेले आहेत. त्याच्या पुढच्या खाटेवर आणखी एक.
कस्तुरा माझ्या खाटेखाली चटईवर झोपली आहे. चार दिवसांत पहिल्यांदा. तोंड उघडं आहे, एका हाताने खाटेचा पाय धरलेला.
पाठ आखडली आहे. कूस बदलायची आहे. पण खाट फार करकरते.